तांबड्या पेशींची साक्ष

रिठ्याचे पाणी आपल्याकडे किती पिढ्यांनी केसांना लावले, त्याची मोजदाद नाही. रेशमी साड्या त्यातच धुतल्या गेल्या, सराफांनी दागिने त्यातच उजळले. तेच पाणी गाळून, त्यातल्या क्षारांचे प्रमाण रक्ताशी जुळवून, धुतलेल्या तांबड्या रक्तपेशींच्या नळीत थोडेसे सोडले की काही मिनिटांत पेशी फुटतात आणि गढूळ लाल द्रव नितळ होतो. मग रिठा विषारी म्हणायचा का?

या प्रश्नाला घाईने उत्तर देण्याची खोड आपल्या प्रयोगशाळांना लागली आहे. पेशी फुटल्या, अर्क घातक. नाही फुटल्या, अर्क सुरक्षित. एवढ्या दोन वाक्यांवर वनस्पतिशास्त्राचे, जैवतंत्रज्ञानाचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे कितीतरी प्रकल्प दर वर्षी हातावेगळे होतात. दुसऱ्या बाजूला ‘झाडपाल्याने कधी अपाय होत नाही’ असे मानणारा मोठा वर्ग आहे, आणि त्याला असल्या अहवालातला ‘सुरक्षित’ हा शब्द फार सोयीचा पडतो. औषधी वनस्पतींच्या अर्कांची तांबड्या पेशींवर परीक्षा घेण्यासंबंधीचे हे पुस्तक या दोघांच्याही हाती पडावे अशी माझी इच्छा आहे. परीक्षा स्वस्त आहे, तालुक्याच्या महाविद्यालयातही होण्यासारखी आहे, आणि नव्या अर्काला विचारायच्या पहिल्या काही प्रश्नांत तिची जागा पक्की आहे. मात्र तिच्यातून निघणारा टक्का एकटा वाचता येत नाही. अर्क शरीरात कोणत्या वाटेने जाणार, किती जाणार आणि कोणाच्या रक्तात जाणार, हे शेजारी मांडल्याशिवाय त्या टक्क्याला अर्थ नाही. या पुस्तकाचे सारे बळ या एका मुद्द्यात आहे, म्हणून तो जरा फोड करून सांगते.

परीक्षेची रीत अशी. निरोगी दात्याच्या शिरेतून काही मिलिलिटर रक्त घ्यायचे आणि ते गोठू नये म्हणून हेपॅरिन किंवा ईडीटीए असलेल्या नळीत धरायचे. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले की तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा पातळ पापुद्रा दिसतो. प्लाझ्मा आणि पापुद्रा काढून टाकायचा. तळच्या पेशी ७.४ सामूच्या फॉस्फेट बफरने तीनदा धुवायच्या. शेवटच्या धुण्याचे पाणी रंगहीनच निघाले पाहिजे. ते गुलाबी असेल तर अर्क घालण्याआधीच पेशी फुटू लागल्या आहेत आणि पुढचे सगळे आकडे तिथेच नासले. धुतलेल्या पेशी बफरमध्ये साधारण २ टक्के प्रमाणात मिसळायच्या, त्यात अर्काच्या चढत्या मात्रा घालायच्या, ३७ अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास ठेवायचे, पुन्हा फिरवायचे आणि वरच्या द्रवाचे रीडिंग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५४० नॅनोमीटरला घ्यायचे. फुटलेल्या पेशीतून सांडलेले हिमोग्लोबिन तिथे प्रकाश शोषते. एका नळीत नुसता बफर, ते शून्य. दुसरीत पेशींचे आवरण विरघळवणारे ट्रायटन एक्स-१००, ते शंभर. मधल्या नळ्या या दोन टोकांच्या मापाने वाचायच्या.

विद्यार्थ्यांनी यंत्राकडे जाण्याआधी नळी डोळ्यांनी पाहावी, असा माझा आग्रह असतो. पेशी शाबूत असलेली नळी उजेडासमोर धरून तिच्यामागे छापील कागद ठेवा. एकही अक्षर लागत नाही, कारण लाखो पेशी प्रकाश विखुरत असतात. रिठ्याचे पाणी घातलेल्या नळीमागे तोच कागद ठेवा. द्रव तितकाच लाल आहे, कदाचित अधिक गडद, पण त्यातून ओळी सरळ वाचता येतात. विखुरायला पेशीच उरलेल्या नाहीत. स्पेक्ट्रोफोटोमीटर येण्याच्या कितीतरी आधी ही परीक्षा अशीच वाचली जात असे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने वनस्पतिजन्य औषधी द्रव्यांच्या गुणवत्तेसाठी दिलेल्या पद्धतींमध्ये आजही हीच रीत आहे. तळाशी एकही पेशी न उरता द्रव नितळ लाल झाला, तर पेशी पूर्ण फुटल्या असे धरायचे. प्रमाण म्हणून ठेवलेल्या सॅपोनिनच्या, म्हणजे रिठ्यासारख्या फळांना फेस आणणाऱ्या द्रव्याच्या, एका ग्रॅमची ताकद १००० मानायची आणि आपल्या वनस्पतीची त्याच्याशी तुलना करायची.

या कामाला तांबडी पेशीच का, हे विद्यार्थी हमखास विचारतात. एक कारण उघड आहे: ती मिळायला सोपी. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात आणि दर सेकंदाला २० लाखांच्या घरात नव्या तयार होतात. दुसरे कारण तिच्या घडणीत आहे. तिला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, नवी प्रथिने घडवण्याची सोय नाही. ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची ही चकती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून अंग मुडपून निघते आणि सुमारे १२० दिवस हेच करत राहते. एवढे सगळे तिला जमते ते तिच्या आवरणामुळे. ते आवरण एखाद्या द्रव्याने बिघडवले तर दुरुस्तीचा मार्ग नाही. बिघाड लगेच आणि लाल रंगात दिसतो. शरीरात असे मोठ्या प्रमाणावर घडले तर सुटे हिमोग्लोबिन रक्तरसात येते. त्याला पकडून ठेवणारे हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन थोडा वेळ पुरते. ते संपले की भार मूत्रपिंडांवर पडतो, लघवी गडद होते, डोळे पिवळे दिसू लागतात. तेव्हा प्रश्न नुसत्या प्रयोगशाळेच्या आवडीचा नाही.

या परीक्षेचा इतिहास वनस्पतींपासूनच सुरू होतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ह्यूगो द व्हरीस या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने क्षारांच्या पाण्यात वनस्पतिपेशी कशा आक्रसतात याचा अभ्यास केला. ते पाहून हार्टोख हँबर्गर या त्याच्या देशबांधवाने १८८० च्या दशकात तोच विचार तांबड्या पेशींना लावला. मिठाचे प्रमाण कमी पडले की पेशी पाण्यातल्या मनुकेसारखी फुगते, आणि मनुका तरी टिकते, ही फुटते. कोणत्या प्रमाणाला ती जशीच्या तशी राहते, याचे त्याने शोधलेले उत्तर आज प्रत्येक दवाखान्यात ०.९ टक्के सलाइन म्हणून बाटलीत लटकते. त्याच सुमारास डोरपाट विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूत, रुडॉल्फ कोबर्ट वनस्पतींतल्या विषांचा अभ्यास करत होता. सॅपोनिन रक्तपेशी फोडतात यावर त्याने वर्षानुवर्षे काम केले. त्याचाच विद्यार्थी हर्मान स्टिलमार्क याने १८८८ च्या प्रबंधात एरंडाच्या बियांचा अर्क रक्तात घालून पाहिला. पेशी फुटल्या नाहीत. त्या एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या. गुंजेच्या बियांनीही असेच होते, हे तिथेच काही वर्षांत दिसून आले आणि पॉल एर्लिखने १८९१ मध्ये याच दोन बियांच्या विषांवर प्रतिकारशक्तीचे मूलभूत प्रयोग केले.

एरंड आणि गुंज दोन्ही आपल्या परिसरातल्या. गुंज तर सोनाराच्या तराजूतली. आता समजा, कोणी गुंजेच्या कच्च्या बियांचा अर्क आणला आणि नुसती ५४० नॅनोमीटरची रीडिंगे घेतली. गुठळी झालेल्या पेशी तळाशी जाऊन बसतात, वरच्या द्रवात फारसा रंग उतरत नाही, यंत्र अगदी लहान आकडा दाखवते. तेवढ्यावर ज्याने ‘सुरक्षित’ लिहिले त्याने आपल्या देशातल्या जहाल वनस्पतिविषांपैकी एकाला दाखला दिला. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत गुंजेची नोंद विषारी द्रव्यांमध्ये आहे, आयुर्वेदातही ती शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. तिच्यातले ॲब्रिन हे प्रथिन आहे आणि दीर्घ उष्णतेने प्रथिने निकामी होतात. त्यामुळे कच्ची गुंज आणि दुधात किंवा कांजीत शिजवून शोधन केलेली गुंज यांचे अर्क शेजारीशेजारी ठेवून गुठळ्या कुठे होतात ते पाहणे, हा पदवीच्या विद्यार्थ्यालाही करता येण्यासारखा, जुन्या वैद्यांच्या रीतीला थेट भिडणारा प्रयोग आहे. अट एवढीच की बिया फोडणे-दळणे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, हातमोजे आणि मुखपट्टी लावूनच व्हावे. एरंडेल तेलाबद्दल मात्र कोणी धास्ती घेऊ नये; रिसिन पाण्यात विरघळते, ते तेलात न उतरता पेंडीत राहते.

पुस्तकाचा सर्वांत सकस भाग फसगतींचा आहे, आणि तिथे मी वाचकाला रेंगाळायला सांगेन. पहिली फसगत द्रावकाची. अर्क मेथॅनॉलमध्ये काढला, नीट वाळवला नाही, आणि पेशींवर घातला. पेशी फुटल्या त्या वनस्पतीने की मद्यार्काने? अर्क डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून भरपूर प्रमाणात घातला. पेशी फुटल्या त्या वनस्पतीने की मीठ कमी पडल्याने? दोन्ही वेळी दोष वनस्पतीच्या माथी बसतो. याला उपाय एकच, अर्क वगळून बाकी सगळे तेवढेच असलेली नळी प्रत्येक वेळी सोबत हवी. हे सगळ्यांना माहीत असते आणि घाईत तीच नळी गाळली जाते.

दुसरी फसगत रंगाची. कोकमाचे उदाहरण घ्या. आमसुलाचा अर्क गडद लाल, त्यातला रंग हिरवा प्रकाश शोषतो, म्हणजे जिथे हिमोग्लोबिन मोजायचे नेमके तिथेच. रक्ताचा थेंबही नसलेल्या नळीत यंत्र मोठा आकडा दाखवते. तो वजा केला नाही तर कोकम पेशी फोडते असे दिसेल. पण कोकमाची गोष्ट इथे संपत नाही. ते आंबटही आहे, आणि बफर कमी पडला तर नळीतला सामू उतरतो. आम्लात हिमोग्लोबिन तांबूस तपकिरी होते आणि ५४० नॅनोमीटरला त्याचे शोषण घटते. म्हणजे एकाच अर्काचा रंग आकडा फुगवतो आणि त्याची आंबटाई आकडा खाली ओढते. दोन चुकांची बेरीज कधी कधी अगदी विश्वासार्ह दिसते. अशा अर्कासाठी सामू आधी जुळवायचा, अर्काची एकट्याची नळी लावायची, आणि शक्य असेल तर ड्रॅबकिनच्या द्रावणाने सगळे हिमोग्लोबिन एकाच स्थिर रूपात आणून मगच मोजायचे. त्या द्रावणात सायनाइड असते, म्हणून ते विद्यार्थ्याच्या हाती एकट्याने देऊ नये.

तिसरी फसगत हिरड्याची, आणि मला ती सर्वांत धोकादायक वाटते, कारण तिच्यात निकाल चांगला दिसतो. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणारा बाळहिरडा टॅनिनने भरलेला असतो. टॅनिन प्रथिनांना चिकटते आणि त्यांना खाली बसवते. कातडी कमावण्यात हाच गुण कामाला येतो. पेशीतून हिमोग्लोबिन बाहेर आले तरी टॅनिन ते पकडून तळाशी नेते, वरचा द्रव फिका राहतो, आकडा शून्याजवळ. इतकेच नाही, टॅनिन पेशीच्या आवरणालाही कमावते, आणि अशी पेशी एरवी फुटली असती तिथेही टिकून राहते. ही गोष्ट नवी नाही. १९५१ साली बॉयडेनने टॅनिन लावलेल्या तांबड्या पेशींवर प्रथिने चिकटवून प्रतिपिंडे शोधायची पद्धत दिली, आणि १९७३ साली बेट-स्मिथने उलट बाजूने विचार करून, रक्तातले हिमोग्लोबिन किती खाली बसते त्यावरून पानांतले टॅनिन मोजले. म्हणजे हिमोग्लोबिन गायब होणे हे टॅनिनचे माप म्हणून पन्नास वर्षांपासून माहीत आहे. तरी हिरडा, बेहडा, बाभळीची साल यांच्या अर्कांना ‘पेशींना पूर्ण सुरक्षित’ म्हणणारे अहवाल माझ्यासमोर येतात, आणि त्यांत आधीच फोडलेल्या रक्तात अर्क मिसळून पाहिलेली नळी नसते. ती एक नळी लावली असती तर हिमोग्लोबिन डोळ्यांदेखत तळाशी जाताना दिसले असते.

रक्त कोणाचे, हाही प्रश्न आहे. मेंढीचे आणि बकऱ्याचे रक्त मिळायला सोपे, म्हणून आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तेच वापरतात. बकऱ्याच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींच्या निम्म्या व्यासाच्याही नसतात आणि मिठाचे प्रमाण थोडे कमी झाले तरी लवकर फुटतात. मेंढीच्या पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्ये वेगळ्या प्रमाणात असतात. त्या पेशींवरचा आकडा माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. रक्तपेढीतली मुदत संपलेली पिशवी तर टाळावीच. साठवणीत पेशी आधीच हळव्या झालेल्या असतात, अर्काला दोष देण्याआधी त्यांचे वय दोषी असते.

आता टक्क्याकडे वळू. २ टक्क्यांपर्यंत निर्दोष, २ ते ५ टक्के सौम्य, ५ टक्क्यांच्या वर घातक, ही वाटणी प्रबंधांत सर्रास दिसते. ती एएसटीएमच्या एफ-७५६ या मानकातली आहे, आणि ते मानक वैद्यकीय उपकरणांत वापरायच्या पदार्थांसाठी, म्हणजे नळ्या, पिशव्या, रोपणे यांच्यासाठी आहे. वनस्पतीच्या अर्काला ते लावायचे तर तसे स्पष्ट लिहावे. शिवाय मात्रा पाहावी. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त धरले तर त्या तीव्रतेसाठी ५ ग्रॅम अर्क एकाच वेळी थेट रक्तात उतरला पाहिजे. पोटातून घेतलेल्या कोणत्याही काढ्याने असे घडत नाही. त्याच मात्रेला पेशी फुटल्या म्हणून वनस्पतीला वाळीत टाकणे जसे चूक, तसे मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅमवर काही झाले नाही म्हणून तिचे इंजेक्शन करू पाहणेही चूक.

रिठ्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. सॅपोनिन आवरणातल्या कोलेस्टेरॉलला धरते आणि आवरणाला भोके पडतात. १९६२ साली ही भोके इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. शिरेतून गेले तर ते जीवघेणे आहे. पोटात गेले तर आतड्यातून फार थोडे शोषले जाते, बरेचसे तिथल्या जिवाणूंकडून मोडले जाते, आणि जे रक्तात पोचते त्याला प्लाझ्मातले कोलेस्टेरॉल अडवते. रक्तरसातले कोलेस्टेरॉल सॅपोनिनला बोथट करते, हे रॅन्समने १९०१ मध्येच दाखवले होते, आणि आपण परीक्षेआधी प्लाझ्मा धुऊन टाकतो तेव्हा ही ढालही धुऊन टाकतो. म्हणून धुतलेल्या पेशींबरोबर एक नळी प्लाझ्मासकटची लावावी, ही लेखकाची सूचना मला पटते. निसर्गातला याचा पुरावा आपल्या डोंगरदऱ्यांत आहे. गेळ्याची फळे, हिंगणाची फळे आणि साल ठेचून डोहात टाकून मासे धरण्याची पद्धत जुनी आहे. माशांच्या कल्ल्यांत पाणी आणि रक्त यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा असतो. त्या वाटेने सॅपोनिन थेट घाव घालते. ते मासे खाणाऱ्या माणसाला मात्र काही होत नाही. हाच गेळा आयुर्वेदात मदनफळ म्हणून वमनासाठी शतकानुशतके दिला जातो. विष तेच, वाट वेगळी.

हिवतापावरच्या वनस्पती शोधणाऱ्यांना ही परीक्षा टाळताच येत नाही. १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी हिवतापाचा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींत प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, तेव्हापासून हजारो अर्क त्या पेशींवर घातले गेले. परजीवी राहतो तांबड्या पेशीच्या पोटात. घर पाडले की राहणारा मरणारच. सातवीण, काडेचिराईत, आणखी कोणतेही तापावरचे झाड घ्या. अर्काने परजीवी मेला असे लिहिण्याआधी त्याच मात्रेला निरोगी पेशी शाबूत राहिल्या का, हे दाखवावे लागते. आणि फुटणे हाच काही एकमेव बिघाड नाही. वायवर्ण्याच्या सालीत आणि इतर अनेक झाडांत सापडणारे ल्युपेऑल आवरणात शिरून पेशीला वाटीचा आकार देते. पेशी फुटत नाही, पण तिच्यात परजीवी नीट वाढत नाही. टक्केवारीत हे कधीच दिसणार नाही. काचपट्टीवर एक थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकात डोकावले तर दिसेल.

याहून खोल प्रश्न असा की काही वनस्पती तांबड्या पेशींना मारतात, पण नळीत मारत नाहीत. भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात बाकल्याच्या शेंगा खाऊन काही माणसांना तीव्र पंडुरोग होतो हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. १९५६ साली शिकागोच्या संशोधकांनी प्रायमाक्विन या हिवतापाच्या औषधाने काही जणांच्या पेशी का फुटतात याचा उलगडा केला: त्यांच्या पेशींत जी६पीडी हे विकर अपुरे होते. तो शोध इलिनॉयमधल्या तुरुंगातल्या कैद्यांवर औषधे देऊन लागला, हेही विसरू नये. बाकल्यातले व्हिसीन स्वतः फारसे काही करत नाही. आतड्यात त्याची साखर सुटली की डिव्हिसीन तयार होते, आणि ते पेशीतले ग्लुटाथायोन संपवून टाकते. ज्याच्या पेशीला ते पुन्हा भरता येत नाही त्याचे हिमोग्लोबिन आतल्या आत बिघडते आणि पेशी मोडते. प्रायमाक्विनचेही तसेच, घात करतात ती यकृतात त्याची होणारी रूपे. आपल्या तासाभराच्या परीक्षेत यकृत नाही, आतडे नाही, आणि दाता बहुधा जी६पीडी पुरेसे असलेला. व्हिसीन त्या नळीत निर्दोष सुटेल.

हे भूमध्य समुद्राचे दुखणे आपल्यापासून दूर आहे असे कोणी समजू नये. ही उणीव पारशी समाजात बरीच आढळते, अनेक आदिवासी समाजांतही आढळते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था या कामात दशकानुदशके आहे. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यत्वे पुरुषांना आणि मुलग्यांना होतो. व्हिसीन कारल्याच्या बियांतही सापडते. आणि मेंदी! मेंदीला रंग देणारे लॉसोन हे ऑक्सिडीकरण घडवणारे द्रव्य आहे. जी६पीडी कमी असलेल्या तान्ह्या बाळांच्या अंगाला मेंदी लावल्यावर त्यांच्या पेशी फुटून तीव्र कावीळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मोठ्यांच्या हातावरच्या मेंदीची गोष्ट वेगळी. पण बाळाची त्वचा पातळ, अंगाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे. मेंदीचा अर्क निरोगी प्रौढाच्या रक्तात घालून तासाभराने काही झाले नाही असे लिहिणारा विद्यार्थी खोटे लिहीत नाही. त्याचे उत्तर या बाळाच्या प्रश्नाचे उत्तर नाही, हे त्याला शिकवणे आपले काम आहे. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकल सेलचे रुग्ण आहेत. आधीच आयुष्य घटलेल्या पेशी ज्यांच्या अंगात आहेत ते आपल्या परीक्षेत क्वचितच दाते असतात, आणि काढे मात्र घेतात.

काळाचाही मुद्दा आहे. छिंगहाओ या वनस्पतीपासून आलेल्या औषधकुलातले आर्टेसुनेट तीव्र हिवतापात शिरेतून देतात. त्याने असंख्य जीव वाचले आहेत. काही रुग्णांत उपचारानंतर एक-दोन आठवड्यांनी पेशी फुटू लागतात, कारण प्लीहेने परजीवी उपटून काढलेल्या पेशी पुढे फार टिकत नाहीत. तासाभराची कोणतीही नळी हे सांगू शकली नसती.

पेशी फोडणारी वनस्पती निरुपयोगी, हाही समज इथे मोडला पाहिजे. चिलीतल्या किलाया झाडाच्या सालीतले सॅपोनिन रक्तपेशी जोरात फोडते आणि प्रतिकारशक्तीलाही जोरात जागे करते. ते कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिडबरोबर बांधून पिंजऱ्यासारखे सूक्ष्म कण केले की कोलेस्टेरॉलची त्याची भूक आधीच भागते, पेशींच्या वाट्याला घाव फार कमी येतो आणि जागे करण्याचा गुण टिकतो. मॅट्रिक्स-एम हे साहाय्यक द्रव्य असेच आहे. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ ही हिवतापाची लस त्याच्यावर उभी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेसह हिवतापग्रस्त भागांतल्या मुलांसाठी तिची शिफारस केली. कोबर्टच्या नळीत ज्या गुणामुळे सॅपोनिन दोषी ठरले, तो गुण नेमका समजल्यामुळेच त्याला असे वळण लावता आले. रिठा, शिकेकाई, हिंगण यांच्या सॅपोनिनांचा असा अभ्यास करायला आपल्याकडे माणसांची वाण नाही.

शेवटी रक्ताबद्दल. दात्याची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी याबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. माझे एक मत मात्र इथे नोंदवते: ज्या विद्यार्थ्याचे गुण आपल्या हाती आहेत त्याच्या दंडातून प्रकल्पासाठी रक्त मागू नये, तो आनंदाने पुढे आला तरी. त्याला नाही म्हणणे किती अवघड जाते ते शिक्षकाला दिसत नाही. काम झाल्यावर उरलेले रक्त संसर्गजन्य समजून हायपोक्लोराइटमध्ये ठेवूनच टाकावे. आणि दात्याचे जी६पीडी तपासून घ्यावे. पुस्तकाच्या अखेरच्या पानांत प्रयोगाच्या नोंदीचे कोरे तक्ते दिले आहेत. त्यांत द्रावकाची नळी, अर्काच्या रंगाची नळी, फोडलेल्या रक्तात अर्क घातलेली नळी, प्लाझ्मासकटची नळी, काचपट्टीवरचे निरीक्षण आणि दात्याचे जी६पीडी असे रकाने आहेत. हे सगळे रकाने भरून झाल्यावरच टक्केवारीच्या रकान्याला हात घालावा, असा क्रम लेखकाने मुद्दाम ठेवला आहे; शिक्षकांनी तो बदलू नये.